आत्या, भुतं आणि मी

आमच्या घरी भाऊ क्रिकेट बघतो, आई मालिका बघते आणि मी रात्रीची जेवणं आटोपली की लॅपटॉपवर भुतं शोधते. ऑफिसात हे सांगितलं तर कोणी मान वर करून बघत नाही. आई मात्र अजून म्हणते, "दिवसभर तेच डबडं आणि रात्रीही तेच? आणि त्यातही भुताखेताचं!"

आईच्या बाजूने सांगायचं तर गेम म्हटला की तिच्या डोळ्यापुढे बंदुका आणि मोटारी येतात. मी खेळते त्या गेममध्ये यातलं काही नसतं. पडद्यावर एक चित्र असतं. एखादी खोली, बाग, दवाखान्याची खिडकी. वस्तूवर टिचकी मारली की तिच्याबद्दल काही कळतं, माणसावर टिचकी मारली की त्याच्याशी बोलता येतं. घाई नसते. अडलं तर उठून चहा करून यावं, भूत तिथेच थांबलेलं असतं. भूत आणि हेरगिरी यांचा असा मेळ जुना आहे. १९९३ साली आलेला 'गॅब्रिएल नाइट' हा जेन जेन्सन यांचा गेम या वाटेवरचा मोठा टप्पा. पण माझा जीव जडला तो 'ब्लॅकवेल' मालिकेवर.

न्यूयॉर्कच्या डेव्ह गिल्बर्ट यांनी आपल्या 'वॉजेट आय' या छोट्याशा कंपनीतून २००६ ते २०१४ या काळात या मालिकेचे पाच गेम काढले. 'अॅडव्हेंचर गेम स्टुडिओ' नावाचं एक फुकट मिळणारं साधन आहे, त्यावर ते बनवले. चित्रं जुन्या पद्धतीची, ठिपक्याठिपक्यांची. आजच्या चकचकीत गेमपुढे ती गरीब वाटतात, पण पाच मिनिटांत नजर सरावते आणि मग गोष्टच दिसायला लागते.

गोष्ट अशी. रोझांजेला ब्लॅकवेल ही न्यूयॉर्कमध्ये एकटी राहणारी, माणसांत बुजणारी मुलगी, थोडंफार लिहून पोट भरणारी. पहिल्या गेमच्या सुरुवातीला ती पुलावर उभी राहून आपल्या 'आंट' लॉरेनची रक्षा सोडते. इंग्रजीत आंट म्हटलं की मावशी, काकू, मामी काहीही असू शकते, पण लॉरेन रोझाच्या वडिलांची बहीण. म्हणजे आत्या. ही आत्या कित्येक वर्षं दवाखान्यात नुसती पडून होती. आजीचंही डोकं शेवटी ठिकाणावर नव्हतं. डॉक्टर हे रोझाला सांगतात तेव्हा तिच्या मनात जे येतं ते कोणाच्याही येईल : म्हणजे आता माझी पाळी?

ती पाळी येतेच, पण वेगळ्या रूपात. तिच्या खोलीत जोई मॅलोन प्रकटतो. सूट, टाय, डोक्यावर हॅट, १९३० च्या काळातलं भूत. आधी तो आजीला दिसायचा, मग आत्याला, आता हिला. मेलेली पण आपण मेलोय हे न कळलेली माणसं शहरात ठिकठिकाणी अडकून पडलेली असतात. त्यांना शोधायचं आणि पुढे वाट दाखवायची हे या घराण्याच्या बायकांचं काम. जोईला भिंतीतून आरपार जाता येतं, पण साधा कागद उचलता येत नाही. फार तर फुंकर मारून तो हलवता येतो. शिवाय रोझाला सोडून फार लांब जाता येत नाही. दोघं सतत भांडतात आणि एकमेकांशिवाय त्यांचं चालत नाही. अशी जोडपी रामबागेत शंभर सापडतील.

आता आमच्या आत्याकडे वळते.

माझी आत्या इंदूरच्या एका मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. लग्न केलं नाही. आमच्याच घरी मागच्या खोलीत राहायची. माझं गणित तिने घेतलं, माझ्या वेण्या तिने घातल्या, इंजिनीअरिंगची पहिली फी तिच्या पेन्शनीतून गेली. पंचाहत्तरी उलटल्यावर ती विसरायला लागली. आधी चष्मा, मग गॅस, मग माणसं. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश म्हणून नाव दिलं, गोळ्या दिल्या आणि आम्हाला समजावलं की हे मागे फिरणारं दुखणं नाही.

दिवस त्यातल्या त्यात बरा जायचा. संध्याकाळी पाच वाजले, ऊन उतरलं की आत्या उठायची. पायात चप्पल, दंडाला पर्स, हातात छत्री, मग भर एप्रिल का असेना. "मला जायला हवं. टेम्पो निघून जाईल." इंदुरात ते काळे धूर सोडणारे टेम्पो बंद होऊन किती वर्षं झाली! बाबा सांगायचे, "ताई, तू रिटायर होऊन सतरा वर्षं झाली." आई म्हणायची, "अहो वन्सं, शाळा सुटली केव्हाच." मी सर्वांत वाईट. मी पुरावे द्यायची. मोबाइलवर तारीख दाखवायची, पेन्शनचं पासबुक दाखवायची. एकदा तिने आजीला हाक मारली तेव्हा मी हार घातलेल्या फोटोकडे बोट दाखवून म्हटलं, "आत्या, आजी गेली ना." त्या दिवशी ती जी रडली, ती जणू आजी त्याच क्षणी गेल्यासारखी. मला वाटायचं, खरं ते सांगायलाच हवं. माझं कामच ते. चूक दिसली की दुरुस्त करायची.

त्या दिवसांत रात्री आत्याजवळ झोपायची पाळी माझी असायची. ती दोन-दोन तासांनी उठे, म्हणून मी जागी राहून कानात हेडफोन घालून ब्लॅकवेल खेळायची. दुसऱ्या गेममध्ये लॉरेन आत्याचीच तरुणपणची गोष्ट आहे, साल १९७३. ती सारखी सिगरेट ओढते आणि नावं शोधायला टेलिफोन डिरेक्टरी चाळते. पुढच्या गेमांत रोझा तेच काम संगणकावर आणि मग फोनवर करते. त्या दुसऱ्या गेममध्ये नदीकाठी एक भूत सॅक्सोफोन वाजवत बसलेलं असतं. त्याला 'तू मेलायस' म्हणून सांगून उपयोग नसतो. ते ऐकतच नाही. या मालिकेतलं जवळजवळ प्रत्येक भूत असंच आहे. त्याला तारीख दाखवून काही होत नाही. ते कुठे अडकलंय हे आधी शोधावं लागतं. त्याचं नाव, त्याची माणसं, त्याचं राहिलेलं काम. हे सगळं रोझाच्या वहीत जमत जातं. वहीतल्या दोन नोंदी एकमेकींशी जोडून बघायच्या, जुळल्या तर नवा प्रश्न सुचतो. मग त्याच्याच आयुष्यातली एखादी गोष्ट त्याच्यापुढे ठेवली की त्याला आपोआप उमगतं.

एका रात्री दीडच्या सुमाराला मी वहीतल्या अशाच नोंदी जोडत होते आणि शेजारच्या खाटेवर आत्या पुटपुटली, "तिला आत घ्यायचं राहिलं."

मी हेडफोन काढला. "कोणाला गं?"

"फाटकापाशी आहे ना ती. पावसात."

दीड वर्षात मी तिला शंभर गोष्टी समजावल्या होत्या. एकही प्रश्न विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मी मोबाइलमध्ये लिहायला लागले. पाऊस. फाटक. टेम्पो. "किल्ली शिपायाकडे आहे." "आईला ताप आहे म्हणून गेले हो." "निळी रिबीन." पंधरा दिवसांत पानभर झालं. काही नोंदी बिनकामाच्या होत्या, एक तर शेजारच्यांच्या मांजराची निघाली. पण पाऊस आणि आजीचा ताप सारखे एकत्र यायचे. बाबांना विचारलं तर त्यांना आठवेना. शेवटी आत्याच्या बरोबर शिकवणाऱ्या एका बाईंचा नंबर मिळवला. त्या आता मुलाकडे पुण्याला असतात.

त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "अगं, तिला ते अजून लागून राहिलंय?"

एका पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचलं म्हणून शाळा दुपारीच सोडली होती. शेवटच्या मुली घरी जाईपर्यंत थांबायची पाळी आत्याची. त्यात घरून निरोप आला, आजीला खूप ताप आहे. एक मुलगी राहिली होती, तिला शिपायावर सोपवून आत्या टेम्पोत बसली. शिपाई आत गेला आणि ती मुलगी एकटीच चालत निघाली. रात्री नऊपर्यंत तिचा पत्ता नव्हता. मग ती जुन्या इंदुरात आपल्या मावशीकडे सुखरूप सापडली. भिजली होती, बाकी काही झालं नव्हतं. कोणी आत्याला बोललंही नाही. "पण त्यानंतर तिची पाळी असो नसो," बाई म्हणाल्या, "शेवटची मुलगी घरी गेल्याशिवाय ती शाळेतून निघाली नाही. आम्ही हसायचो तिला."

आत्या उशिरा यायची हे मला आठवतं. आई पानं वाढून वैतागायची, तेही आठवतं. का, हे कोणी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ती छत्री घेऊन उभी राहिली तेव्हा मी दारात गेले आणि म्हटलं, "आत्या, ती मुलगी पोचली. मावशीकडे गेली होती, जुन्या इंदुरात."

ती माझ्याकडे बघत राहिली. "निळी रिबीनवाली?"

"तीच."

"भिजली का गं?"

"भिजली थोडी. मावशीने डोकं पुसलं."

"हं," आत्या म्हणाली. मग खाली बसून तिने चप्पल काढली आणि चहा मागितला.

इथे गेम असता तर उजेड पडला असता आणि पुढचं प्रकरण सुरू झालं असतं. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी पाच वाजता आत्या पुन्हा छत्री घेऊन दारात उभी. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग आई सांगायला शिकली, बाबा शिकले, कामाला येणाऱ्या ताईसुद्धा हिंदीत सांगायच्या, "बुआजी, बच्ची पहुँच गई." सात महिने. पुष्कळदा ती ऐकायची. कधी कधी नाही ऐकायची, आणि मग तिला धरून कोपऱ्यापर्यंत फिरवून आणावं लागे. एका संध्याकाळी मी मीटिंगमध्ये होते, समोर ग्राहक कंपनीचे लोक, आणि ती मागे येऊन पदर ओढायला लागावं तशी माझी बाही ओढायला लागली. मी ओरडले, "पोचली म्हटलं ना!" ती घाबरून मागे सरली. तिला ते रात्रीपर्यंत आठवलं नाही. मला आठवतं.

रावणखालून मावस डोंगर वगैरे काही नाही. 'पोचली' म्हणताना मी निदान खोटं बोलत नव्हते, एवढं समाधान मला होतं. मावशीने डोकं पुसलं ही तेवढी माझ्या पदरची भर. पुसलंच असेल.

आत्या गेल्या वर्षी श्रावणात गेली, झोपेत. तिची अलमारी लावताना छत्र्या सापडल्या, सात. बहुधा शाळेत मुलींना द्यायला ठेवलेल्या. दोन घरी ठेवल्या, बाकी आईने वाटून टाकल्या.

मालिकेचा पाचवा गेम, 'ब्लॅकवेल एपिफनी', मी कितीतरी दिवस उघडला नाही. तो बर्फ पडणाऱ्या न्यूयॉर्कमध्ये घडतो आणि रोझा-जोईची गोष्ट तिथे संपते. ती संपायला नको होती. शिवाय एक भीती होती. रोझासारखीच. आजीचं शेवटी असंच झालं होतं, आत्याचं झालं, चष्मा सापडला नाही की माझ्या पोटात गोळा येतो. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, घरात कोणाला झालं म्हणून तुम्हाला होईलच असं नाही. उत्तर समजतं, गोळा जात नाही. या दिवाळीच्या सुट्टीत मात्र मी तो गेम पुरा केला. शेवट सांगत नाही. कोणाला खेळायचं असेल तर पहिल्यापासून क्रमाने खेळा. इंग्रजी समजायला हवं, बाकी बोटांना काही कसब लागत नाही. घरातल्या पोरांबरोबर बसून खेळणार असाल तर आधी स्वतः बघून घ्या, मृत्यूच्या गोष्टी आहेत आणि काही जड आहेत.

राहता राहिली आई. परवा मी पहिला गेम पुन्हा लावला होता. त्यात रोझाला स्वतःच्याच इमारतीत कोणी ओळखत नाही, म्हणून ओळख पटवायला ती एका शेजारणीला शोधते. ती शेजारीण बागेत बासरी वाजवत बसलेली असते. तिचं नाव निशांती आणि तिच्या कुत्र्याचं नाव चक्क मोती. हेडफोन लावलेला नव्हता. आई दुधाचा पेला घेऊन आली ती थांबली.

"मोती म्हणाली का गं ती?"

"हो. कुत्र्याचं नाव आहे."

"अमेरिकेत?" आईने चष्मा सारखा केला, आत्याच्या खाटेवर बसली आणि म्हणाली, "बरं, काय झालंय त्या मुलीचं? पहिल्यापासून सांग."