दोन टाक्या आणि एक डीव्हीडी

मीरा रोड-भाईंदरच्या सोसायटीत गच्चीवरच्या टाकीचं पाणी उतरलं, तर टाकीच बदला असं कोणी म्हणत नाही. आधी खालच्या टाकीचं झाकण उघडतात. ती भरलेली असेल तर दोष पंपाचा किंवा पाइपचा. तीही कोरडी असेल तर शहाड-टेमघर किंवा एमआयडीसीकडूनच पाणी आलेलं नाही, टँकर मागवा. डीव्हीडी बर्न करताना बफरची पट्टी नाचू लागली, की मात्र हे शहाणपण आपल्याला सुचत नाही. 'रायटर गेला' किंवा 'डिस्क डुप्लिकेट', निकाल तयार! माझ्या मते बफर नाचतो तेव्हा रायटर बहुतेक वेळा निर्दोष असतो. त्याच्यापर्यंत माल वेळेवर पोचत नसतो.

बर्निंगच्या चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये पट्ट्या दोन असतात. एक सॉफ्टवेअरचा बफर, म्हणजे रॅममधली काही एमबी जागा. ही खालची टाकी. दुसरा रायटरचा स्वतःचा, साधारण २ एमबीचा; ही गच्चीवरची. १६एक्स वेगाला सेकंदाला सुमारे २२ एमबी डेटा लागतो, म्हणजे गच्चीवरची टाकी सेकंदाच्या अकराव्या हिश्श्यात रिकामी होते. रॅमची पट्टी आधी उतरली तर हार्ड डिस्क पुरी पडत नाहीये. लग्नाचे हजारो सुटे फोटो थेट बर्नला लावले, की डिस्कचं डोकं फायलीमागून फायली शोधत पळतं आणि मधल्या वेळात टाकी आटते. अशा वेळी आधी आयएसओ इमेज करून ती बर्न करावी, अँटिव्हायरसला तेवढा वेळ गप्प बसवावं. रॅमची पट्टी भरलेली आणि रायटरची हलतेय, तर दोष मधल्या पाइपचा. विंडोज एक्सपीच्या मशीनवर तर ही खोड ठरलेलीच: आयडीई चॅनलवर सहा चुका झाल्या की विंडोज गुपचूप डीएमए ही डेटा नेण्याची वेगवान पद्धत सोडून पीआयओ या संथ मोडवर उतरतं. त्याची कागदावरची कमाल सेकंदाला १६.६ एमबी, लागतात २२! डिव्हाइस मॅनेजरमधून तो चॅनल अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट केलं की डीएमए परततं; मूळ दोष केबलचा असेल तर तीही बदलावी. लॅपटॉपवाल्यांनी बाहेरचा रायटर आणि डेटाची हार्ड डिस्क एकाच यूएसबी हबला लावू नये. सुरुवातीला स्थिर असलेली पट्टी शेवटी डुलू लागली तरी डिस्कची कड खराब आहे असं समजू नये; १६एक्स हा वेग बाहेरच्या कडेलाच गाठला जातो, मागणीच तिथे वाढते. दोन्ही पट्ट्या भरलेल्या असूनही बर्नचा वेग पडत असेल, तर खुशाल रायटरवर आणि डिस्कवर संशय घ्या.

यावर कोणी म्हणेल, सान्योच्या बर्न-प्रूफ तंत्रापासून, म्हणजे २००० पासून, अंडररनने (बफर रिकामा पडल्याने) डिस्क फुकट जात नाही, मग चिंता कशाला? खरं आहे. लेझर थांबतो, जागा लक्षात ठेवतो, पुढे सुरू होतो. पण प्रत्येक थांब्याला एक सांधा पडतो आणि ओरखड्यांसाठी राखलेली चूक-दुरुस्तीची शिल्लक तिथे खर्ची पडते. वेग ४एक्सवर आणण्याचा उपायही चालतो, घाईत मीही तोच सांगेन. पण त्याने पीआयओ सुटत नाही, फक्त दिसेनासा होतो. आणि 'आता डीव्हीडी बर्न करतो कोण?' याचं उत्तर कोर्टात आहे. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण व्हीसीडीवर आलं होतं, आणि १४ जुलै २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रतीसोबत तेव्हाच्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-बीचं प्रमाणपत्र सक्तीचं ठरवलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे आता अशा प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाईलचा डिजिटल ठसाही, लागते. डिस्कवरची एक फाईल नीट वाचली गेली नाही, तर तो हॅश जुळत नाही. म्हणून सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज पोलिसांना देताना बर्ननंतरचं व्हेरिफाय बंद करू नका, आणि नवा रायटर आणायच्या आधी कोणती पट्टी पहिल्यांदा उतरली तेवढं बघा.