कंट्रोलच्या नावावर

पासपोर्टसुद्धा नसलेल्या माणसाने माझी ऑस्ट्रियातली सायकलसहल आखून दिली, असं सांगितलं की लोक हसतात. आमच्या खालच्या मजल्यावरचे नाना रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते. आडवी वेळ, उभी स्टेशनं असा भलामोठा चार्ट समोर, कानाला फोन, हातात पेन्सिल. प्रत्येक गाडी म्हणजे त्या कागदावरची एक तिरकी रेघ. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी शिवाजीनगरकडून शिट्टी ऐकू आली की त्यांची नजर आधी घड्याळाकडे जायची.

2016 च्या फेब्रुवारीत मी त्यांच्याकडे गेले ती स्केलपट्टी मागायला. बँकेतल्या आम्ही तिघी मैत्रिणी जूनमध्ये पासाऊ ते व्हिएन्ना सायकलने जाणार होतो, डॅन्यूबच्या काठाने, सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. पट्टी कशाला हवी, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "पुस्तक आण वर ठेवलेलं," एवढंच म्हणाले. पट्टी काही दिली नाही.

पुस्तकांचा माझा गोंधळ तोवर पुरेसा झालेला होता. नेहमीची जाडजूड प्रवासपुस्तकं शहरांत चांगली. दोन शहरांच्या मधल्या रस्त्याबद्दल ती मौन पाळतात, आणि सायकलवाल्याचा सगळा दिवस त्या मधल्यातच जातो. इंग्लंडच्या सिसेरोनी प्रकाशनाचं माइक वेल्स यांचं पुस्तक वाचायला छान, पण ते डोनाउएशिंगेनपासून थेट बुडापेस्टपर्यंत धावतं. आम्हाला हवा होता मधला एक तुकडा. मग सापडलं ऑस्ट्रियाच्या एस्टरबाउअर प्रकाशनाचं बाइकलाइन. आडवं, स्प्रिंग घातलेलं, उघडलेलं पान हँडलबारच्या पिशवीवरच्या पारदर्शक खिशात बरोबर बसेल असं. नकाशावर एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. डांबरी वाटेची रेघ सलग, कच्च्या वाटेची तुटक, चढ असेल तिथे बाण. नदीचे दोन्ही काठ दाखवलेले, आणि शेवटी गावागणिक राहण्याच्या जागांची यादी. गद्य रटाळ आहे. उजवीकडे वळा, पुलाखालून जा, डावीकडे वळा. पण पावसात उभं राहून वाचायला असंच गद्य लागतं.

माझ्या हातातली प्रत मैत्रिणीच्या भावाची, 2010 सालची. नानांनी ती चाळली आणि पहिला प्रश्न विचारला, "ही पुराच्या आधीची का नंतरची?"

कुठला पूर? मला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा ते तेरा वर्षांचे होते, नारायण पेठेत. नदीकाठचा रस्ता म्हटलं की हा प्रश्न त्यांना पडणारच. मी घरी येऊन शोधलं. 3 जून 2013 रोजी पासाऊमध्ये पाणी 12.89 मीटरपर्यंत चढलं होतं. 1501 नंतर एवढा पूर त्या गावाने पाहिला नव्हता. मी निमूट नवी आवृत्ती मागवली. पुढे पासाऊच्या टाउनहॉलच्या भिंतीवर पुराच्या खुणा पाहिल्या. 2013 ची खूण बघायला मान वर करावी लागते. तिथे मला नारायण पेठेतला तेरा वर्षांचा मुलगा आठवला.

त्या पुस्तकाने एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली होती, ती म्हणजे वाचक युरोपातलाच. संध्याकाळी दमलात की जिथे 'खोली रिकामी' अशी पाटी दिसेल तिथे दार वाजवा. आपल्याला व्हिसासाठी रात्रीगणिक मुक्काम आधी लिहून द्यावा लागतो, शिवाय जास्त रात्री ज्या देशात त्याच देशाकडे अर्ज. म्हणजे फेब्रुवारीत पुण्यात बसून ठरवायचं, की जूनमधल्या तिसऱ्या दिवशी आपल्या मांड्या कुठे जाब विचारणार. हे ऐकून मैत्रिणी वैतागल्या. नाना खूश झाले. वेळापत्रक आधी आणि प्रवास मागाहून, हा त्यांच्या दृष्टीने सृष्टीचा नियमच.

चार रविवार लागले. पहिल्या रविवारी चढ. पासाऊ समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर, व्हिएन्ना एकशे साठच्या आसपास. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर भागाकार केला. "बावीसशे-तेवीसशेला एक. आणि तोही उतार! बोरघाटात सदतिसाला एक आहे. कर्जतला मागून बँकर इंजिन लावल्याशिवाय गाडी हलत नाही." पुस्तकातल्या बाणांवर मात्र त्यांनी लाल पेन्सिल फिरवली. सरासरीने घाट चढता येत नाही म्हणाले.

दुसऱ्या रविवारी त्यांना एक खजिना सापडला. डॅन्यूबचे किलोमीटर उगमापासून मोजत नाहीत, काळ्या समुद्राच्या मुखाकडून वर मोजतात. पासाऊ 2226, लिंत्स 2135, मेल्क 2036, क्रेम्स 2002, व्हिएन्ना 1929. जहाजांसाठी काठावर त्याच्या पाट्या असतात. "म्हणजे आपलं पुणे 192, मुंबईपासून, तसंच की!" त्यांनी आमच्यासाठी चार्ट आखायला घेतला, उभ्या बाजूला नदीचे किलोमीटर घेतले आणि नकाशातला देश त्यांच्या ओळखीचा झाला. परदेशी नावं ते स्टेशनांसारखीच म्हणू लागले. ग्राइन, मेल्क, टुल्न. काकू आतून विचारायच्या, "आज कुठवर पोचवलीत पोरींना?"

वाऱ्याचं त्यांनी फारसं ऐकून घेतलं नाही. तो बहुतेकदा पश्चिमेचा, पाठीमागून येणारा, म्हणूनच सगळे पासाऊहून निघतात, हे मी सांगितलं. "बहुतेकदा" या शब्दावर त्यांनी भुवई उडवली आणि ताशी बारा किलोमीटरच्या वर वेग लावायला नकार दिला. रोज दुपारनंतर दोन तास रिकामे ठेवले. आणि शेजारी हिरव्या पेन्सिलने जवळच्या रेल्वे स्टेशनांची रांग काढली, गाड्यांच्या वेळांसकट. "लूप पाहिजे. मेन लाइनवर बिघाड झाला तर गाडी उभी कुठे करशील?" सायकलने जायला निघालेल्या बाईला गाडीच्या वेळा देणं हा मला थोडा अपमानच वाटला होता, हे आता कबूल करते.

प्रवासाचं वर्णन करत नाही. श्ल्योगनला नदी पहाडाभोवती वळून जवळजवळ मागे फिरते, वाखाऊत जर्दाळूची झाडं आहेत, हे सगळं फोटोंत आहे. तिसऱ्या दिवसाचं मात्र सांगायला हवं. लिंत्सहून ग्राइनला जाताना डाव्या काठावर माउटहाउझेन लागतं. पुस्तकात वर जाणाऱ्या वाटेवर चढाचे बाण आणि नाझी छळछावणीच्या स्मारकाबद्दल काही ओळी. आम्ही नानांना 'एक तास' सांगितलं होतं, चहापाण्यासकट. सायकली ढकलत वर गेलो. खाली ग्रॅनाइटची खाण आहे आणि तिच्यातून वर येणाऱ्या 186 पायऱ्या. कैदी पाठीवर दगड घेऊन त्या चढायचे. 1938 ते 1945 या काळात ही छावणी आणि तिच्या उपछावण्या मिळून निदान नव्वद हजार माणसं मेली. आम्ही त्या पायऱ्यांजवळ किती वेळ बसलो कळलं नाही. तिघीही काही बोललो नाही.

खाली उतरलो तेव्हा साडेतीन तास गेले होते. नानांचे दोन रिकामे तास संपून गेले होते, पाय चालत नव्हते आणि ग्राइनची घरमालकीण सातपर्यंतच थांबणार होती. मी चार्ट उलगडला. हिरव्या रांगेत माउटहाउझेन होतं, पुढे ग्राइनही. सायकलींसकट गाडीत बसलो. सातला दहा कमी असताना दार वाजवलं.

परत आल्यावर मी चार्टवर खऱ्या प्रवासाची रेघ निळ्या शाईने मारली, आणि जर्दाळूच्या जॅमची बाटली घेऊन खाली गेले. नानांनी जॅम काकूंकडे दिला आणि चष्मा पुसला. दोन दिवस निळी रेघ पेन्सिलीच्या रेघेवर जवळजवळ बसत होती. तिसऱ्या दिवशी माउटहाउझेनच्या 2112 पाशी ती बराच वेळ आडवी पडलेली, आणि नंतर एकदम उभी.

"डिटेन्शन साडेतीन तास," ते म्हणाले. "कारण?"

मी सांगितलं. पायऱ्यांचा आकडा त्यांनी पुन्हा विचारला. गाडी उशिरा धावली की तो उशीर कुठल्या तरी खात्याच्या नावावर टाकावा लागतो, इंजिनवाले, सिग्नलवाले, कुणीतरी, हे त्यांनी मला पूर्वी समजावलं होतं. मी म्हटलं, "नाना, माझ्या नावावर टाका. मीच एक तास सांगितला होता."

"तू प्रवासी आहेस," नाना म्हणाले. त्यांनी पेन्सिलला टोक केलं, आणि आडव्या निळ्या रेघेवर बारीक अक्षरात लिहिलं: कंट्रोल.