बोली

काशीभोपळ्याला पाचशे एक रुपये पडले, त्या दिवशी मला आमची मंडळी पहिल्यांदा कळली.

आमच्याकडे चर्च म्हणजे इमारत आणि मंडळी म्हणजे माणसं. इमारतीत सांगण्यासारखं फारसं काही नाही. नगर जिल्ह्यातल्या खेड्यात असतं तसं दगडी जोत्यावरचं पत्र्याचं घर, दारापुढे लिंब, आत दोन लांब सतरंज्या. एकीवर बाया, दुसरीवर बाप्ये. चपला पायरीशी. पेटी, तबला आणि झांजा भिंतीकडेला. भेटलेला माणूस ‘सलाम’ म्हणतो, आपणही ‘सलाम’ म्हणायचं आणि सरकून जागा करून द्यायची.

सुगी उरकली की या घरात कापणीचा सण होतो. पुस्तकात नाव तसं आहे, तोंडात मात्र ‘हार्वेस्ट’. आदल्या रात्री पोरं दाराला उसाची आणि ज्वारीची ताटं बांधतात. सकाळी ज्याच्या घरी जे पिकलं ते वेदीपुढे येतं. बाजरी, हरभरा, वांगी, अंडी, तुपाची लोटी, एखादी नवी शिवलेली गोधडी. ज्याला शेत नाही तो पगारातलं आणतो. पाय बांधलेली कोंबडी नेमकी प्रार्थनेच्या वेळी ओरडते आणि डोळे मिटलेली पोरं खुदकतात. त्या दिवशी पाळकसाहेबांचा उपदेश आखूड असतो. सगळ्यांचे कान लिलावाकडे लागलेत, हे त्यांनाही ठाऊक असतं.

लिलाव लिंबाखाली होतो. एक पंच वस्तू डोक्यावर धरून ओरडतो, दुसरा वहीत लिहितो. एक वार, दोन वार, तीन वार. येणाऱ्या पैशांतून पत्रे बदलायचे असतात, पाळकांच्या पगारात भर घालायची असते, कुणाच्या दवाखान्याला हात लावायचा असतो. पण घेणारा कितीदा तरी पैसे भरतो आणि म्हणतो, ‘परत वेदीला.’ मग तीच वस्तू पुन्हा वर धरली जाते, पुन्हा विकली जाते. बाजारात हा वेडेपणा ठरेल. आमच्याकडे तो हिशेब आहे.

या हिशेबात वस्तूचं वजन धरत नाहीत. एकदा एका पोराने एकच लिंबू आणलं होतं. त्याची आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. लिंबू वर गेलं तसा एक गुरुजी म्हणाले, ‘दहा.’ पाठीमागून कुणी तरी म्हणालं, ‘वीस.’ ते लिंबू कोंबडीपेक्षा महाग गेलं. देवाच्या पेटीत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आम्ही संडेस्कूलपासून ऐकत आलो होतो. तिचा अर्थ मला त्या लिंबाने सांगितला.

तर तो भोपळा. तो आणला होता आमच्याच भावकीतल्या थोरल्या काकांनी. त्यांचं आणि धाकट्या काकांचं बांधावरून बिनसलं होतं. तीन वर्षं एकमेकांच्या दारात पाऊल नाही. प्रभुभोजनाच्या दिवशी एक पुढे बसला की दुसरा मागच्या भिंतीला. भाकरी एकाच ताटातून घ्यायचे, नजर मात्र चुकवायचे. वेदीकडे येण्याआधी भावाशी समेट कर, हे वचन पाळकसाहेबांनी त्यांच्यापुढे किती वेळा वाचलं असेल! दोघंही मान डोलवायचे.

पंचांनी भोपळा उचलला. कुणी तरी वीस म्हणालं. धाकटे काका लिंबाच्या बुंध्याशी उभे होते. खाली बघतच म्हणाले, ‘पन्नास.’ कुणी साठ केले, तर यांनी शंभर केले. मग माणसांच्या ध्यानात आलं आणि माणसं मुद्दाम चढवायला लागली. दीडशे, दोनशे, तीनशे. पाचशे एकावर सगळे गप्प झाले. धाकट्यांनी भोपळा खांद्यावर घेतला आणि घरी नेला. वेदीला परत केला नाही. बोलणं बंद होतं, पण बोली झाली होती. संध्याकाळी थोरल्यांच्या घरी घाऱ्यांचं ताट गेलं.

बांधाचा तंटा त्याने मिटला असं नाही. तो पुढे तलाठ्यानेच मिटवला. मंडळी म्हणजे संतांचा मेळा आहे, असं मी म्हणणार नाही. पंचांच्या निवडणुकीत आमच्याकडे ग्रामपंचायतीला लाजवील असं राजकारण चालतं. आणि सतरंजी एक असली तरी सोयरीक ठरवताना जुनी जात हळूच डोकं वर काढते. हे लपवण्यात अर्थ नाही. पण भांडलेल्या माणसांना दर रविवारी एकाच सुरात गावं लागतं, ही सक्ती मला मोलाची वाटते. शेजारच्याचा सूर ऐकल्याशिवाय आपला लागत नाही.

आणि गायचं तरी काय? तर आपलंच. 1895 साली ख्रिस्ती झालेले नारायण वामन टिळक आमच्याच जिल्ह्यात, नगरला आणि पुढे राहुरीला राहिले. ‘उपासना संगीत’ हे आमचं गीतांचं पुस्तक उघडलं की पानोपानी भेटतात. परक्या चालीवर ओढाताण करत गाणाऱ्या मंडळीच्या हाती त्यांनी अभंग दिला, भजन दिलं. त्यांच्या कितीतरी आधी गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज माणसाने ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत लिहिलं, ते 1616 मध्ये छापलं गेलं. त्याही माणसाला कळलं होतं की देव माणसाशी बोलणार तो माणसाच्या बोलीत. माझी आजी निरक्षर होती. तिला शास्त्र वाचता येत नव्हतं, पण शंभरेक गीतं पाठ होती. ती जात्यावर ओवी म्हणायची त्याच गळ्याने येशूला हाक मारायची. तिच्या लेखी या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या.

या आजीची एक ठरलेली भेट असायची. पायलीभर बाजरी, नवी कोरी, पाखडून निवडलेली. खंड कधी नाही.

शाळेत मला एका पोराने चिडवलं होतं, ‘तुमी दाण्यासाठी बाटले.’ रडत घरी आलो. आजी चुलीपुढे होती. तिने नाकारलं नाही. म्हणाली, ‘खरंय त्याचं. माझी आजी सांगायची, मोठ्या दुष्काळात मिशनच्या दारात भाकर मिळाली.’ तो 1876 ते 78चा दुष्काळ. त्यानंतरच्या वर्षांत नगर भागातल्या मंडळ्या वाढल्या, हा इतिहास आहे. आजी पुढे म्हणाली, ‘पर गावात ज्यांच्या कणग्या भरल्या व्हत्या, त्यांनी आमाला वसरीवर तरी घेतलं का? तितं पंगतीला बसवलं. माणूस भाकरीसाठी जातो, बाळा. राहतो मात्र पंगतीसाठी.’

आजीच्या या वाक्यापुढे मी पुढे वाचलेली धर्मांतरावरची पुस्तकं मला नेहमी थोडी अपुरी वाटत आली.

मी सात वर्षांचा असताना बहात्तरचा दुष्काळ पडला. शिवारात काडी उगवली नाही. आई आणि आजी खडी फोडायला जायच्या. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी मिळायची, मिलो. तिच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा. त्या वर्षी हार्वेस्ट करायचा की नाही यावर पंचांची बैठक बसली. कापणीच नाही तर सण कशाचा? पाळकसाहेब म्हणाले, सण करू.

रविवारी आजीने मापटंभर मिलो पदरात बांधून नेला. वेदीपुढे पाहिलं तर तिथे तोच लाल ढीग. जो तो आपल्या रेशनमधून काढून घेऊन आलेला. लिलाव झाला नाही. बोली लावायला खिशात काय होतं? बायांनी तिथेच लिंबाखाली चुली मांडल्या. मिलोच्या घुगऱ्या शिजल्या. वाटेने जाणारे खडीवरचे मजूर, कुठल्या आळीचे, कुठल्या देवाचे, हाक मारून बसवले. मला वाढायला लावलं होतं. दाण्यासाठी बाटल्याचा टोमणा मारणाऱ्या पोराचा बापही पंगतीत होता. मी आजीकडे पाहिलं. ती म्हणाली, ‘त्याला दोनदा वाढ.’

आजी जाऊन पस्तीस वर्षं झाली. मी पुण्यात राहतो, तिथल्या मोठ्या चर्चमध्ये बाकावर बसतो. हार्वेस्टला मात्र गावी जातो. आता दाराशी स्कॅनर लावलेला असतो आणि लिलावाच्या बोल्या मुंबईहून फोनवरही येतात. बाजरीची पायली आता मी नेतो. माझं शेत नाही, म्हणून चुलतभावाकडून विकत घेतो आणि रात्री बसून निवडतो.

यंदा ती पायली तीन वेळा वेदीला परत आली. चौथ्यांदा घेणाऱ्या बाईने मात्र घरी नेली. तिची लेक बाळंतपणाला आली होती, भाकरी लागणारच होत्या.