आजा मेला, नातू झाला

आजा मेला, नातू झाला. म्हण जुनी आहे आणि ती बोलणाऱ्याच्या मनात वावगं काही नव्हतं. एकीकडे तोटा, दुसरीकडे नफा, हिशेब बरोबरीत सुटला, एवढाच तिचा अर्थ. पण नाना गेल्यापासून ही म्हण माझ्या मागे लागली आहे. हिशेब सुटला म्हणजे नेमका कोणाचा? घरातली डोकी तेवढीच राहिली, हे खरं. रेशनकार्डावर एक नाव कमी होईल, एक चढेल. धान्य तेवढंच येईल. सरकारदरबारी तरी म्हण अगदी बरोबर आहे.

मात्र नानांचा हिशेब घरात मावणारा नव्हता. साक्री तालुक्यातल्या आमच्या पांझराकाठच्या गावात ते पाटकरी होते. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत चालायची. तीनेकशे वर्षं तरी जुनी मानतात. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाच्या चाऱ्या आणि त्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा इथे ऊस, तर तिथे गहू, पुढे फेरपालट. शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असे, त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एखादा फड कोरडा सोडावा लागला तर तोटा एकट्याच्या अंगावर येत नसे. पाणी कोणत्या फडाला सोडायचं हे पंच ठरवत. ते प्रत्यक्ष शेतात पोचवायचं काम पाटकऱ्याचं. आपलं पाणी आपण फोडून घ्यायची मुभा शेताच्या मालकालाही नव्हती. मोबदला धान्यात, सुगीला.

म्हणजे नानांच्या हातात फावडं होतं आणि गावभराचा विश्वास होता. रात्री-अपरात्री कोणाच्या तरी ओट्याखालून त्यांची हाक जायची, "पानी उनं!" लहानपणी मला ती हाक सणासारखी वाटे. हाक ऐकून अंथरुणातून उठणाऱ्या माणसाला ती कशी वाटत असेल, याचा विचार तेव्हा शिवला नाही.

मोठेपणी पुरंदरच्या विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीबद्दल वाचलं आणि ते नानांना सांगितलं. १९७२च्या दुष्काळानंतर नायगावला ४० एकर जमीन घेऊन साळुंख्यांनी प्रयोग सुरू केला. तिथला नियम असा की पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटायचं. माणशी अर्ध्या एकराचं, घरटी जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही हक्क. उसाला बंदी. उसाची बंदी नानांना पटली नाही. फडातल्या उसावर आमच्या घरातली निम्मी लग्नं झाली होती. भूमिहीनाच्या हक्कावर मात्र ते बराच वेळ गप्प राहिले. आमच्या फडात ज्याची जमीन त्याचंच पाणी. जो जमिनीविना, तो बांधावरून बघणार. तीनशे वर्षांच्या न्यायात त्याची ओळच नव्हती. शेवटी त्यांनी विचारलं, "डोक्यावर पाणी, तर मग डोकं गेलं की पाणी तुटणार?"

मी म्हटलं, "नातू झाला की परत मिळेल, नाना."

"म्हणजे आजा मेला, नातू झाला," म्हणून ते मनापासून हसले.

हे आठवलं आणि मी अडलो. कारण ही म्हण त्यांचीच होती. पाटावरचं भांडण मिटवायचं त्यांचं ते हत्यार होतं. चारी फुटली, कोणाची पाळी हुकली, की पुढच्या फेरीत त्याला जास्त पाणी सोडायचं आणि म्हणायचं, आजा मेला, नातू झाला, चला घरी. लोक हसत आणि खरंच घरी जात. गाव चालायला अशी वाक्यं लागतात. नेमका न्याय करत बसलं असतं तर पाटात पाण्याऐवजी भांडणंच वाहिली असती.

पुढे लाटीपाड्याला धरण झालं, विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याचं पाणी त्याच्या बटणापाशी आलं. २००५च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना अधिकार दिले. नानांना त्या कागदाचं अप्रूप नव्हतं. मिटवायला भांडण उरलं नव्हतं, तशी म्हणही त्यांच्या तोंडून गेली.

दहाव्याला माणसं बोलली ती चांगलंच बोलली. फक्त शेपटाकडच्या शेताचे एक म्हातारे निघता निघता म्हणाले, "नाना भला माणूस. आमचं पाणी एकदा चुकलं, पण पुढल्या खेपेला त्यांनी दुप्पट दिलं." त्यांनी ते कौतुकाने सांगितलं की इतकी वर्षं मनात ठेवलेलं त्या दिवशी बाहेर काढलं, मला ठरवता येत नाही. मी त्यांना विचारलं नाही, आता विचारणारही नाही. नाना गावाशी न्यायाने वागले, असं मी आजवर ठामपणे सांगत आलो. आता "गावाशी" म्हणताना कोणाकोणाला धरायचं, तिथेच जीभ अडते. म्हणीवर मी रुसलो होतो ती माझ्या माणसाला लागली म्हणून. दुसऱ्यांच्या माणसांना, दुसऱ्यांच्या पाळ्यांना ती लागत होती, तेव्हा मी चारीच्या काठावर बसून हसत होतो.

त्या म्हाताऱ्यांच्या शेतात त्या साली गहू होता, एवढं त्यांनी सांगितलं. आणि दाणा भरताना चुकलेलं पाणी नंतर दुप्पट दिलं, तरी गव्हाचा दाणा भरत नाही.