रिकामा कटोरा

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट. माझी मुलगी मुंबईला मावशीकडे आठ दिवस राहून आली आणि येताना बॅगेत एक इंग्रजी कादंबरी घेऊन आली. नाव ‘द विच ऑफ ब्लॅकबर्ड पाँड’. काळ्या पाखरांच्या तळ्याकाठची चेटकीण! ‘चेटकीण’ हा शब्द दिसताच मी पुस्तक उचललं आणि कपाटावर ठेवून दिलं.

“जादूटोण्याची पुस्तकं या घरात नकोत,” मी म्हटलं.

“अम्मी, आधी वाच तर. मग ठेव कपाटावर.”

मुलगी नववीतून दहावीत गेलेली. या वयाच्या मुली काय वाचतात ते शाळेत मी रोज पाहते. जुना काळ, त्यात चेटकिणी, भुतं, पडके वाडे आणि एक प्रेमकहाणी, असं मिश्रण असलेल्या जाड जाड इंग्रजी कादंबऱ्या मुलींच्या हातोहात फिरतात. शिक्षिका म्हणून मी म्हणते, मुलं वाचताहेत हे काय कमी आहे? आई म्हणून मात्र पोटात गोळा येतो. सिहर म्हणजे जादू हा आपल्या दीनमध्ये मोठा गुनाह. त्यात कोवळ्या वयात इश्काच्या गोष्टी!

पण खरं सांगायचं तर जादूगरणींच्या गोष्टी आपल्या घरांना नव्या नाहीत. बी.ए.ला माझा विषय उर्दू होता. लखनौच्या नवल किशोर प्रेसने 1883 पासून छापायला घेतलेली ‘तिलिस्मे होशरुबा’ तेव्हा आम्ही थोडीफार वाचली होती. तिच्यात पानोपानी जादू, अय्यारी आणि इश्क. जादूगरांचा बादशाह अफरासियाब, त्याच्या दरबारातली मलिका बहार, आणि झंबीलमध्ये सगळी दुनिया कोंबणारा अमर अय्यार. चांगली नमाजी माणसं रात्र रात्र जागून ती दास्तान ऐकत. सकाळी उठून कोणी जादू करायला गेलं नाही. दास्तान ही दास्तान आहे, हे त्यांना ठाऊक होतं. मग मुलीच्या पुस्तकालाच मी एवढी का घाबरले?

चौथ्या दिवशी दुपारी घर शांत होतं. मी स्टुलावर चढून पुस्तक खाली काढलं आणि शब्दकोश शेजारी घेऊन बसले. पाच दिवस लागले.

एलिझाबेथ जॉर्ज स्पीअर या अमेरिकन लेखिकेची ही कादंबरी 1958 साली आली. पुढच्याच वर्षी तिला तिकडचं बालसाहित्याचं मानाचं न्यूबेरी पदक मिळालं. गोष्ट 1687 सालची. बार्बाडोस बेटावर आजोबांच्या मायेत वाढलेली किट ही सोळा वर्षांची मुलगी आजोबा गेल्यावर एकटीच जहाजात बसते आणि कनेक्टिकटमधल्या वेदर्सफील्ड या गावी मावशीकडे येते. गाव कडक धार्मिक शिस्तीचं. किटचे कपडे रंगीत, बोलणं मोकळं, आणि तिला पोहता येतं! येतानाच एका लहान मुलीची बाहुली पाण्यात पडते, किट उडी मारून ती काढून देते आणि लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. कारण तेव्हा समज असा होता, की पाण्यावर तरंगते ती चेटकीण.

गावाबाहेर तळ्याकाठी हॅना नावाची म्हातारी राहते. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, सोबतीला मांजरं. ती क्वेकर पंथाची. तिचा देवही तोच, पण प्रार्थनेची रीत वेगळी. एवढ्यासाठी तिला दुसऱ्या वसाहतीतून कपाळावर डाग देऊन हाकललेलं. गावात तिचं नाव ‘चेटकीण’. किट तिच्याकडे जाऊ लागते. बाहुलीवाली मुलगी प्रुडन्सही तिथे येऊ लागते. प्रुडन्सची आई म्हणते, ही मंद आहे, हिच्या डोक्यात काही शिरत नाही. किट तिला चोरून अक्षरं शिकवते.

मग गावात ताप येतो. मुलं दगावतात. लोकांना कारण हवं असतं आणि कारण तळ्याकाठी तयारच असतं. जमाव हॅनाचं घर पेटवून देतो. किट तिला कशीबशी वाचवते, पण नंतर स्वतःच पकडली जाते. पुरावा काय, तर हॅनाच्या घरी सापडलेली वही. तिच्यात प्रुडन्सचं नाव पुन्हा पुन्हा लिहिलेलं. हा नक्की मंतर असणार! एक मूल आपलं नाव लिहायला शिकत होतं आणि मोठ्या माणसांना त्यात जादू दिसली.

वीस वर्षं मी मुलांना स्वतःचं नाव लिहायला शिकवते आहे. त्या पानावर मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

सुनावणीत प्रुडन्स स्वतः येते आणि सगळ्यांसमोर त्यांच्या धर्मग्रंथातलं वाचून दाखवते. तिचा बाप अभिमानाने फुलतो, आरोप गळून पडतो. खऱ्या इतिहासात सगळ्यांच्या नशिबी असा शेवट नव्हता. त्याच कनेक्टिकटमध्ये 1647 साली अॅल्स यंग या बाईला चेटकीण म्हणून फाशी दिली होती. शेजारच्या मॅसेच्युसेट्समधल्या सेलममध्ये 1692 साली एकोणीस जणांना फासावर लटकवलं आणि एका म्हाताऱ्या पुरुषाला छातीवर दगड ठेवून मारलं. तिथे पहिलं बोट उठलं ते तिघींवर. एक गुलाम बाई, एक भीक मागणारी आणि एक आजारी बाई. कनेक्टिकटच्या विधिमंडळाने आपल्याकडच्या आरोपितांना निर्दोष ठरवलं ते 2023 मध्ये, पावणेचारशे वर्षांनी.

संध्याकाळी मुलगी जवळ येऊन बसली. “वाचलंस? सांग, चेटकीण कोण आहे त्यात?”

“कोणीच नाही.”

“मग कपाटावर का ठेवलं होतंस?”

मी गप्प. मग तिने जे विचारलं, त्याने काळजात कळ आली.

“अम्मी, मला खालाकडे का जाऊ देत नाहीस?”

आमच्या मोहल्ल्याच्या टोकाला एक खाला राहतात. सगळेच त्यांना खाला म्हणतात. तरुणपणी बेवा झाल्या, मूल नाही. अंगणात कोरफड, अडुळसा, गवती चहा. पोटदुखीला काढा देतात, उर्दू सुंदर वाचतात. आणि मोहल्ल्यात कुजबूज अशी, की खालांची नजर वाईट आहे, बाळंतिणीच्या घरी त्यांना येऊ देऊ नये.

मी बी.एड. झालेली बाई. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मीच सगळ्यांना सांगत असे. पण नऊ वर्षांपूर्वी धाकटा दोन वर्षांचा असताना खाला त्याला मांडीवर घेऊन गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्याला जुलाब लागले. सलाईन लावावी लागली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दूषित पाण्याने झालंय. त्या आठवड्यात मोहल्ल्यातली आणखी मुलंही आजारी होती. तरी जावेने कानात सांगितलं ते कानातच राहिलं. पुढच्या ईदला खालांकडून शिरखुर्म्याचा कटोरा आला. मी तो मोरीत ओतला, कटोरा धुतला आणि तसाच रिकामा परत पाठवला. आपल्याकडे शेजाऱ्याचं भांडं कोणी रिकामं पाठवत नाही. निदान मूठभर साखर तरी घालतो. मी तेवढीही घातली नाही. मुलगी मोठी झाल्यावर खालांकडे उर्दू वाचायला जाऊ लागली, तर अभ्यासाचं निमित्त काढून तेही बंद केलं.

त्या जमावाने घर पेटवलं. मी फक्त एक कटोरा रिकामा पाठवला. पण सुरुवात अशीच होत असेल ना?

कोणी म्हणेल, नजर लागते हे तर आपण बरहक मानतो. मीही मानते. पण ती अमक्याच बाईची, हे ठरवायचा हक्क आपल्याला कोणी दिला? कुरआन शरीफमध्ये सूरह हुजुरातमध्ये गुमानापासून दूर राहायला सांगितलं आहे. काही गुमान गुनाह असतात, असं बजावलं आहे. तिथेच गीबतला मेलेल्या भावाचं मांस खाण्याची उपमा दिली आहे. जादूच्या पुस्तकाला मी गुनाह समजत होते आणि स्वतःच्या गुमानाला सावधपणा! आपल्या राज्यात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. कोणी करणी करतो असं सांगून त्याला छळणं, हा त्यात गुन्हा आहे. पण रिकाम्या कटोऱ्याला कायदा काय करणार? ते काम आपल्या जमीराचंच.

त्या कादंबरीतल्या प्रेमकहाणीचीही मला धास्ती होती. त्यावरही मायलेकी बोललो. किटला विल्यम नावाच्या श्रीमंत तरुणाची मागणी येते. तो तिच्यासाठी मोठं घर बांधायला घेतो. दुसरा नॅट, जहाजावर काम करणारा. एका खोडीबद्दल नॅटला गावाने हद्दपार केलेलं, परतला तर तीस फटके. किटवर आरोप येतो तेव्हा विल्यम फिरकत नाही. फटक्यांची पर्वा न करता प्रुडन्सला घेऊन नॅट येतो. “म्हणजे घर किती मोठं आहे ते बघायचं नाही, वेळेला कोण येतं ते बघायचं,” मुलगी म्हणाली. लग्नाच्या बाबतीत याहून चांगली नसीहत मी तरी काय देणार होते?

बहिणींनो, सगळीच अशी पुस्तकं चांगली असतात, असं मी म्हणत नाही. काही नुसती भडक असतात, काहींत जादूटोणा म्हणजे मजेचा खेळ वाटतो. पण नाव वाचून कपाटावर ठेवू नका. स्वतः वाचा, मुलीबरोबर बोला. मग नको म्हणायचं असेल तर कारण देऊन म्हणा.

दुसऱ्या दिवशी असरनंतर मी रव्याचा शिरा केला आणि मुलीला घेऊन खालांकडे गेले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, दारात सगळं विसरले. कटोरा पुढे करून एवढंच म्हटलं, “खाला, माझं चुकलं. माफ करा.”

त्यांनी झाकण उघडून पाहिलं. हळूच म्हणाल्या, “तेव्हा कटोरा रिकामा आला, तेव्हाच मी समजले होते गं. म्हणून परत काही पाठवलं नाही. म्हटलं, तुला टाकून द्यावं लागायला नको.”

माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं. त्यांनी मुलीला जवळ ओढून विचारलं, “कुठपर्यंत आलं होतं आपलं वाचन?”

आता ती दर रविवारी जाते. जाऊबाई अजून नाक मुरडतात. खालांनी तो कटोरा दोन दिवसांनी परत पाठवला, गवती चहाची जुडी घालून. त्या संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी त्याचा चहा घेतला. पहिला कप मी धाकट्याला दिला.