भिणाऱ्याची भक्ती



चाळीस वर्षे कीर्तनात उभा राहून एक वाक्य सांगत आलो. आज ते बसून मागे घ्यायचे आहे. ज्याच्या मुखी नाम आहे त्याच्या मनात भय राहूच शकत नाही, असे ते वाक्य. प्रल्हादाचा दृष्टान्त आला की हे हमखास यायचे. पखवाजावर थाप पडायची, टाळकरी माना डोलवायचे आणि मी पुढच्या चरणाकडे वळायचो.

आमच्या मोशीतल्याच एका सप्ताहात कीर्तन संपल्यावर पाया पडणाऱ्यांच्या रांगेत एक माउली थांबल्या. मुलगा चाकणकडे कारखान्यात प्रेस मशीनवर. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेलेली, तरी पोटासाठी पुन्हा तिथेच उभा. त्या म्हणाल्या, "महाराज, तो रात्रपाळीला निघाला की माझ्या पोटात गोळा येतो. हरिपाठ म्हणते, तरी जात नाही. मग माझी माळ खोटीच म्हणायची का?" मी म्हणालो, "नाम वाढवा." रांग मोठी होती. त्या गेल्या, पण तो प्रश्न काही गेला नाही.

पुढे गळा बसला, कीर्तन सुटले. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर नगर जिल्ह्यातले एक ख्रिस्ती कुटुंब राहते. रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे पेटीवर भजन चालते. एकदा जिन्यात कानावर थेट अभंगाचीच चाल आली, म्हणून वर गेलो. ती रचना नारायण वामन टिळकांची निघाली. हे टिळक कोकणातले ब्राह्मण, 1895 साली मुंबईत ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. आपल्या देहूचा तो पूल! मला बरे वाटले, आणि थोडे चमत्कारिकही वाटले. दोन्ही लिहितो.

घरातला कर्ता माणूस ठेक्यावर कामाला आहे. सात महिने भरले की ब्रेक देतात, मग पुन्हा गेटावर उभे राहायचे. मी त्याला विचारले, "तुमचा प्रभूवर एवढा भरवसा, मग भीती वाटते का हो?" मला वाटले, आता माझेच वाक्य ऐकायला मिळणार. तो म्हणाला, "वाटते ना बाबा. आमच्या प्रभूलाही वाटली होती."

मग त्याने गेथशेमाने बागेतली रात्र सांगितली. उद्या क्रूसावर जायचे आहे हे येशूला ठाऊक आहे. तीन शिष्यांना तो म्हणतो, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपतात. तो एकटा जमिनीवर पालथा पडून बापाकडे मागतो, की हा प्याला टळत असेल तर टळू दे. घाम रक्ताच्या थेंबांसारखा गळतो. आणि त्या थरथरीतच तो म्हणतो, पण माझ्या मनासारखे नको, तुझ्या मनासारखे होऊ दे. "बाबा, भीती गेल्यावर त्याने भरवसा ठेवला असे नाही. भीत भीतच ठेवला," तो म्हणाला.

मी खाली आलो आणि ज्ञानेश्वरीचा अकरावा अध्याय उघडला. काही वाचकांना वाटेल, महाराज म्हातारपणी कुठे निघाले? कुठे नाही. माळ गळ्यातच आहे. पण आपल्याच घरातली वस्तू कधी कधी शेजारी दाखवतो. विश्वरूप पाहून अर्जुन कापतो आणि आधीचे सौम्य रूप दाखव म्हणून हात जोडतो. देव त्याला भित्रा म्हणत नाही, पुन्हा सावळा होतो. हा अध्याय मी कितीदा लावला असेन, पण माझे लक्ष सगळे त्या विराट रूपाच्या वर्णनावर. कापणारा अर्जुन घाईत उरकायचो. आणि तुकोबा? वह्या इंद्रायणीत गेल्यावर तेरा दिवस ते काठावर अन्नपाण्यावाचून बसले, अशी परंपरा आहे. चौदाव्या दिवसाची आपल्याला खबर आहे. त्यांना त्या तेरा दिवसांत ती नव्हती.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे 'स्मृतिचित्रे' मग पुन्हा वाचले. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळले. पदरी लहान मूल. काही काळ त्या आपल्या पंढरपुरातच होत्या. पुढे नवऱ्याकडे राहायला गेल्या, तरी सोवळे सुटेना. आपले पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. माहेरी वडिलांचे सोवळे इतके कडक, की विटाळाची धास्ती त्यांच्या हाडीमाशी मुरलेली. ही भीती वाघाची नव्हे, पाण्याच्या तांब्याची होती. पण माणसाला जखडायला तांब्याही पुरतो. मग राहुरीत एक दिवस विचार करता करता त्यांच्या मनाने घेतले, की देवाने माणूस घडवला, जाती माणसाने पाडल्या. त्यांनी ठरवले, यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, प्यायचे. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. म्हणजे आधी तांब्या उचलला. आणि म्हणून त्या पुढे कशालाच भ्यायल्या नाहीत असेही नाही. आपली घाबरगुंडी त्यांनी पुस्तकात लपवलेली नाही, उलट तिच्यावर स्वतःच हसल्या आहेत. मी कीर्तनात स्वतःची भीती एकदाही सांगितली नाही. रात्री एस.टी.तून परतताना घाटात मुठीत जीव धरून बसायचो, हे तर नाहीच नाही.

गेल्या कार्तिकीच्या आधी त्या माउलींचे घर विचारत गेलो. दार मुलानेच उघडले. तीन बोटांच्या हाताने त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी त्यांना म्हणालो, "ताई, त्या दिवशी मी चुकीचे बोललो. तुमची माळ खरी आहे." त्यांना आधी आठवेना. मग आठवले आणि त्या हसल्या.

"भीती तर अजून वाटते हो महाराज," त्या म्हणाल्या. "तो गेटात शिरला की फोन करतो. तोवर मी विठ्ठलाला झोपू देत नाही."