अग्नीचा शेजार

परवा आमच्या पुतण्याचे अमेरिकेहून पत्र आले. मॅसॅच्युसेट्समध्ये त्याने एक जुने घर घेतले असून, त्याच्या तळघरात घर उबदार ठेवणारा बॉयलर आणि त्याला तेल पुरविणारी लोखंडी टाकी अशी जोडी नांदत आहे. टाकी गंजल्यामुळे बदलावयाची आहे. नवी टाकी बॉयलरच्या जवळ ठेवावी की दूर, त्याच्यापेक्षा उंच की सखल, असा त्याला प्रश्न पडला असून "काका, तुमचे मत कळवा" असे त्याने लिहिले आहे.

रानशेतसारख्या गावी थंडीचा बंदोबस्त म्हणजे पहाटे अंगावर ओढलेली गोधडी. तेव्हा आम्हांस असा प्रश्न विचारणे म्हणजे मारवाड्यातल्या उंटवाल्यास होडी वल्हविण्याची युक्ती विचारण्यासारखे आहे. पण त्याने आम्हांसच का विचारले, हे आम्ही जाणून आहो. आमच्या न्हाणीघरात चार वर्षांपूर्वी जे घडले, ते त्याच्या कानावर गेलेले आहे.

आमच्या घरी पूर्वी तांब्याचा बंब होता. त्याचा सारा कारभार परसात चाले. धूर आकाशात जाई, राख चिकूच्या आळ्यात पडे. पुढे बंब गळू लागला, डाग देणारा कारागीर मिळेना, आणि आम्ही गॅसवर चालणारा गीझर आणला. तो न्हाणीघराच्या भिंतीवर टांगला, आणि सिलिंडर त्याच्याच खाली कोपऱ्यात उभा केला. नळी आखूड पुरली, कोपरा भरला, मांडणी नीटनेटकी दिसली. पुढे थंडी पडली तेव्हा वारा झोंबतो म्हणून झरोक्यास फळी लावली, तीही आमच्याच हाताने.

जानेवारीतील एका सकाळी सौभाग्यवती स्नानास गेल्या. पाण्याचा आवाज चालूच राहिला. आम्ही वर्तमानपत्र वाचीत होतो. ते पान संपले, दुसरे संपले. हाक मारली, ओ आली नाही. आतली कडी सैल होती म्हणून दोन धक्क्यांत दार उघडले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या; डोळे उघडे, पण ओळख नाही. परसात मोकळ्या हवेवर आणले, नंतर दवाखान्यात नेले. सायंकाळी त्यांनी पहिला प्रश्न केला तो नळ बंद केला की नाही, हा. आणि त्या प्रश्नाने आम्हांस जेवढा आनंद झाला तेवढा क्वचितच कशाने झाला असेल.

डॉक्टरांनी कारण सांगितले. कोंदट खोलीत ज्योत प्राणवायू खाऊन टाकते. मग जळण अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनाशी तो प्राणवायूहून दोनशे पटींपेक्षा अधिक घट्ट चिकटतो. सिलिंडरमधील गॅसला उग्र वास मुद्दाम लाविलेला असतो, म्हणून गळती कळते. या विषाची वर्दी कोणीच देत नाही.

त्यानंतर आम्ही या विषयाचे उशिराचे विद्यार्थी झालो. आमचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर तो पाण्यासारखा सखल जागा शोधीत जातो. म्हणून सिलिंडर खड्ड्यात किंवा तळघरात ठेवू नये. तो जमिनीवर उभाच असावा, शेगडी त्याच्याहून उंच असावी, आणि खोलीला जमिनीलगत वाट असावी. आडवा केला तर वायूऐवजी द्रवच बाहेर येईल.

पुतण्याच्या तेलाची प्रकृती निराळी. ते सहजासहजी पेट घेत नाही, म्हणून तळघरात राहू शकते. तरीही घरातील टाकी बॉयलरपासून निदान 5 फूट दूर असावी, असा तिकडील प्रचलित दंडक आहे. टाकी उंच ठेवली तर तेल आपल्या वजनाने खाली येते, ही सोय. पण नळी फुटली तर टाकीतील तेल त्याच सोयीने जमिनीवर ओतते, म्हणून तेथे प्रवाह रोखणारी झडप लागते. सखल ठेवली तर पंपाने तेल ओढावे लागते, आणि नळीत थोडी हवा शिरली की ज्योत विझते. त्याला थंडी वाजेल, पण घर तेलाने भरणार नाही. एक प्रश्न, आणि वायूचे उत्तर एक, तेलाचे दुसरे! दोहोंच्या मुळाशी मात्र एकच विचार आहे. यंत्र चालते तेव्हा काय सोयीचे, हे पाहून जागा ठरवावयाची नसून, ते बिघडेल तेव्हा आतले द्रव्य कोणत्या वाटेने जाईल, हे पाहून ठरवावयाची असते.

हा धडा आम्हांस आधीच मिळावयास हवा होता. 2018 च्या नोव्हेंबरापासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के बसू लागले, आणि कित्येक कुटुंबांनी थंडीत घराबाहेर रात्री काढल्या. त्या वेळी आम्हीही फळीवरचे पितळी हंडे खाली उतरविले. पण धडा हंड्यांपुरता घेतला. न्हाणीघरापर्यंत तो पोहोचला नाही.

आमच्या घरी कामास येणाऱ्या वारली बाईंना तो पाठ करावा लागला नाही. त्यांच्या कुडाच्या घरात चूल आत, आणि सरपण बाहेर वळचणीखाली. वेळेपुरती काटकी तेवढी आत येते. काही वर्षांपूर्वी त्यांच्याकडे सिलिंडर आला. आम्ही मोठ्या शहाणपणाने पाहावयास गेलो, तो त्यांनी तो चुलीपासून दूर, दाराजवळ ठेवलेला. कारण विचारले, तर काही झालेच तर ओढून बाहेर काढता यावा, एवढाच त्यांचा हिशेब होता. आम्ही न बोलता चहा घेऊन परतलो.

आता आमचा गीझर मागल्या उघड्या पडवीत आहे, सिलिंडरही तेथेच. न्हाणीघरात फक्त ऊन पाण्याची नळी येते. झरोक्याची फळी चुलीत गेली. पुतण्यास लिहिले आहे की, टाकीची जागा तेथील जाणत्या कारागिराकडून ठरवून घे. पण त्याला आधी विचार, हे फुटले तर तेल कोठे जाईल, आणि धुराडे तुंबले तर धूर कोठे जाईल? त्यास उत्तर देता आले नाही, तर दुसरा कारागीर पाहा. आणि खालच्या ओळीत सौभाग्यवतींनी आपल्या हाताने लिहिले आहे: "झरोका बंद करू नकोस. काकांचे ऐकू नकोस, माझे ऐक."